चाकांची मडम

नेवेना माणसाच्या तोंडाकडे फारसं बघायची नाही. माणूस चालून गेला की तो जिथून गेला ती जमीन बघायची. आमची पहिली भेट झाली तीही अशीच. मी विहिरीवरून घागर घेऊन ओल्या पायांनी ओटीवर चढले आणि मागे वळून बघते तर एक उंच, हाडकुळी, तांबूस केसांची गोरी बाई अंगणात उभी राहून माझ्या पावलांचे ओले ठसे वाकून बघतेय. मला वाटलं, बाईचं काही पडलंबिडलं असेल. विचारलं, तर म्हणाली, "तुजा डावा पाय भायेर जातो गो. पोटुशी असताना सवय लागली काय?"

आता यावर काय बोलावं! एक तर घरात गोरी मडम यायची ती पहिलीच वेळ. त्यात ती बोलत होती ती बोली आमच्या कुंपणापलीकडच्या कात्रीनबायची. आणि वर ती बोलली ते खरं होतं. धाकटा पोटात होता तेव्हापासून मी पाय फाकून चालायला लागले होते, हे मला सासूबाई दिवसातून एकदा तरी ऐकवायच्याच. मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, "बाई, आमच्यात आधी 'बसा' म्हणतात. मग पाय बघतात." ती हसली आणि बसली. ओटीवर नाही, तिथेच अंगणात, त्या ठशांशेजारी.

ठाण्यात तिला सगळे चाकांची मडम म्हणायचे. ती मुलखाची बल्गेरियाची. हा देश कुठे आहे ते आमच्या ह्यांनी मला नकाशात बोट ठेवून दाखवलं होतं. हे कोर्टात कारकून, नकाशा बघायची भारी हौस. एका खेळवाल्या कंपनीबरोबर ती मुंबईला आलेली. घोडे, कसरती, आणि मध्ये ही, चाकांचे बूट घालून फळ्यांच्या जमिनीवर गोल गोल फिरायची. त्याच थंडीत मुंबईत प्लेग सुरू झाला. कंपनीने गाशा गुंडाळला, आणि सामान चढवताना एक फळी हिच्या पायावर पडून घोटा मोडला. मोडक्या पायाची बाई कोण बरोबर नेणार? कंपनीचा मालक तिला ठाण्यात कात्रीनबायकडे ठेवून मद्रासेकडे निघून गेला. जाताना म्हणाला, परतीच्या वाटेवर येऊ तेव्हा तुझा पाय बघू.

कात्रीनबाय म्हणजे आमची परसदारची शेजारीण. जातीने किरिस्ताव, नवरा बोटीवर खलाशी होता तो एका खेपेला परत आलाच नाही. थोडं भाताचं रान, चार कोंबड्या आणि तोंड असं की समोरच्याला सोलून काढेल. नेवेनाला मराठी शिकवली ती तिनेच, म्हणजे शिव्यांपासून सुरुवात करून. घोटा बांधला तो तिने, लेस विणायला बसवलं तिने, आणि "मडम हाय तं काय, पोराबालांसारकी उपाशी निजते" म्हणून रात्री जेवायला उठवलं तेही तिनेच.

नेवेनाची एक खोड मात्र कात्रीनबायलाही मोडता आली नाही. तिला 'हो' म्हणायचं असलं की ती मान दोन्ही बाजूंना हलवायची, आणि 'नाही' म्हणायचं असलं की वरखाली. तिच्या मुलखात असंच करतात म्हणे. पहिल्या महिन्यात कोळीण बोंबलांची पाटी घेऊन दारात आली. "घेतेस का मडम?" नेवेनाने नको म्हणून मान खालीवर केली. कोळणीने वाटा ओतला. "आजून घालू?" पुन्हा मान खालीवर, यावेळी जोरात. त्या आठवड्यात कात्रीनबायच्या घरी सकाळ-संध्याकाळ बोंबील होते आणि आमच्या मांजरीला दिवस बरे आले होते. पुढे मराठी बोलायला लागली तरी मान तिची तशीच राहिली. "तोंड शिकलं गो, मान नाय शिकली," असं ती स्वतःच म्हणायची.

आमची मैत्री झाली ती मात्र भांडणातून. एके सकाळी मी दारात रांगोळी काढत होते. आमच्याकडे रोजची रांगोळी भाताच्या तुसाची. तूस जाळलं की पांढरी, मऊ राख पडते, ती चाळून ठेवायची. शिरगोळ्याच्या दगडाची रांगोळी सणासुदीला. मी कमळाची पाकळी दुसऱ्यांदा गिरवून गडद करत होते, तर नेवेना कुंपणावरून म्हणाली, "तुजी दुसरी रेघ पयल्या रेघेवर बसली नाय."

मला असा राग आला! माझ्या रांगोळीला माहेरी कल्याणला कुणी नाव ठेवलं नव्हतं. मी म्हटलं, "मग तू ये आणि बसवून दाखव." तशी ती आली, गुडघ्यावर बसली, पण रांगोळीला हात लावला नाही. चिमूटभर राख घेतली, बोटांत चोळली, तळव्यावर फुंकली. मग माझ्याकडे बघून (खरंच तोंडाकडे बघून) म्हणाली, "ही माना दे गो. लय दे. टोपलीभर."

तेव्हा मला कळलं ती कशी जगत होती ते.

तिचं गाव एका मोठ्या नदीच्या काठी. थंडीत ती नदी गोठते आणि माणसं, गाड्या, बैलसुद्धा वरून चालतात असं ती सांगायची. मी खरं मानायची नाही, हे म्हणाले खरं असतं. बाप होडीवाला. नदी गोठली की बाप रिकामा आणि मुलगी मोकळी. बुटाला लोखंडी पातं बांधून ती बर्फावर फिरायला शिकली. पुढे तिकडच्या मोठमोठ्या शहरांत शर्यतीला जाऊ लागली. शर्यत म्हणजे धावायची नव्हे. एका वेळी एकाच पायावर उभं राहून पात्याने बर्फावर इंग्रजी आठाचा आकडा काढायचा. दोन गोल, मध्ये चिकटलेले. मग त्याच रेषेवरून पुन्हा. मग पुन्हा. तिन्ही खेपांची मिळून रेघ एकच दिसली पाहिजे. खेळणारी बाजूला झाली की परीक्षक पुढे यायचे, टोप्या काढायचे आणि बर्फावर ओणवे होऊन रेघ बघायचे.

"दाढीवालं म्हातारं गो, गुडघ्यावर," ती सांगायची, "माज्या तोंडाकडं कोन बगत नव्हतं. झगा कसा, केस कसं, काय नाय. फकस्त रेघ." हे सांगताना तिचा चेहरा असा उजळायचा की मला हेवा वाटायचा. आम्हाला लग्नासाठी दाखवायला नेलं तेव्हा चार म्हाताऱ्यांनी तोंड, केस, दात सगळं बघितलं होतं.

दोनदा तिचा दुसरा नंबर आला. तिसऱ्या वर्षी पहिला येणार हे सगळ्यांना ठाऊक होतं. एका परीक्षकाने तिच्या बापाला तसं सांगितलंही होतं. त्या वर्षी थंडीच पडली नाही. बर्फ धरला नाही. शर्यत रद्द. पुढच्या थंडीआधी बाप वारला, घरात खाणारी तोंडं, आणि हिने कंपनीत नाव घातलं. उष्ण मुलखात पात्याऐवजी चाकं. चाकांची रेघ फळीवर उमटत नाही. लोक टाळ्या वाजवतात, पण बघत काहीच नाहीत. हे तिचं दुःख होतं, आणि ते बरं होण्यासारखं नव्हतं.

मालकाचा निरोप आला होता की कंपनीत क्लारा नावाची नवी पोर आलीय, चाकांवर भिंगरीसारखी फिरते. परतीच्या वाटेवर दोघींची परीक्षा घेईन. जी सरस, ती कंपनीची पहिली खेळाडू म्हणून बोटीने माझ्याबरोबर युरोपात येईल. परीक्षा नेवेनाच्या शब्दाखातर जुन्या रीतीने घेणार होता. जमिनीवर भुकटी पसरायची, त्यात आठ काढायचा, रेघ बघून निकाल. युरोपात पोचली की नेवेना कंपनी सोडणार होती. एक थंडी बर्फावर. एकदाच पहिली. एवढंच तिला हवं होतं.

म्हणून तिला माझी राख हवी होती. पण टोपली देताना माझा हात अडखळला. मी तिला सांगितलं, "हे बघ, राखेची रांगोळी काढली तर शुभ. पण राख नुसती पसरायची ती माणूस गेल्यावर." आमच्यात माणूस जिथे गेलं तिथे राख पसरतात, शेजारी दिवा लावतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघायचं, राखेत कसली खूण उमटलीय. पाखराची, गुराची, माणसाची. ज्याची खूण त्याचा पुढचा जन्म.

मला वाटलं बाई घाबरेल. ती टाळ्या पिटायला लागली. "मंजे तुमचा देव पन ओणवा होऊन बगतो?"

ठाण्यात जुन्या फिरंग्यांच्या वेळचं एक पडकं देऊळ आहे, म्हणजे त्यांचं देऊळ. छप्पर कधीच गेलं, पण दगडी फरशी अशी सपाट की ओतलेलं पाणी जागचं हलू नये. तिथे ती राख पसरून फिरायची. चार चाकं, त्यामुळे रेघ दुहेरी उमटायची. मी आणि कात्रीनबाय भिंतीशी बसायचो. पहिल्या पहिल्यांदा घोटा मधेच दगा द्यायचा. ती पडायची, उठायची, पडलेल्या जागेकडे बघायची आणि स्वतःलाच म्हणायची, "परत. तेच रेघेवर." हे तिचं पालुपद. कात्रीनबायने भाकरी वाकडी थापली तरी तेच, माझ्या पोराने 'श्री' वेडावाकडा गिरवला तरी तेच.

एकदा पाद्रीबाबा तणतणत आले. पवित्र जागेत चाकं! नेवेनाने बूट काढले, त्यांच्यासमोर नम्रपणे छातीवर क्रूस केला. पण तिच्या पंथात तो उजव्या खांद्याकडून डावीकडे करतात. पाद्रीबाबांच्या जिवाला ते चाकांपेक्षा जास्त लागलं. ते तिला क्रूस सरळ करायला शिकवत बसले, ती मान दोन्हीकडे हलवून हो हो करत राहिली, त्यांना वाटलं बाई ऐकत नाही, आणि चाकांचा विषय राहूनच गेला. त्या दिवशी घरी येताना आम्ही तिघी हसून हसून रस्त्यात बसलो. मला आठवतं तेवढं तिचं पोटभर हसणं ते एवढंच.

उन्हाळ्यात प्लेगाचा जोर ओसरला आणि कंपनी आली. मुंबईत शिरायची हिंमत मालकाला होईना, म्हणून त्याने कल्याणलाच मुक्काम टाकला. माझी थोरली बहीण गोदूताई कल्याणची. तिच्या सासरची बंदरावर भाताची वखार, त्या वर्षी रिकामीच पडलेली. माझ्या शब्दावर भावजींनी ती कंपनीला दिली. मालकाने फळ्या जोडून आत जमीन केली, मधोमध दोरी बांधून दोन भाग केले. एक क्लाराचा, एक नेवेनाचा. ज्याने त्याने आपली भुकटी पसरायची. नियम एकच आणि तो नेवेनाच मला दहादा सांगून बसली होती. जमीन कोरी हवी. आधी कसलीही खूण आखलेली चालणार नाही.

आम्ही आदल्या दिवशीच कल्याणला गेलो. परीक्षेच्या सकाळी नेवेनाने आपल्या भागात राख चाळून पसरली, दुधाच्या सायीसारखी एकसारखी. मग चाकं बांधून एकदा आठ काढून बघितला. घोटा शाबूत होता. तो आठ सारखा करून ती वर नवी राख चाळणार होती, त्यासाठी थोडी राखून ठेवली होती. आणि तिकडच्या रीतीप्रमाणे मोठ्या कामाआधी देवाचं नाव घेऊन तिने राखेच्या कडेला एक दिवा लावून ठेवला. ते सगळं तसंच ठेवून ती माझ्याबरोबर घरी अंघोळीला आली.

तेवढ्यात गोदूताई वखारीत गेली. मडमेची ओटी भरायची म्हणून हळदकुंकवाचं ताट आणि शेजारच्या दोन बायका घेऊन गेली होती. दार उघडलं आणि बघते तर काय! जमिनीवर पसरलेली राख, शेजारी तेवता दिवा, आणि राखेत उमटलेली खूण. गोदूताईच्या सासूबाई त्याच थंडीत प्लेगाने गेल्या होत्या. त्यांची राख तिने स्वतःच्या हाताने पसरली होती. जित्या माणसासाठी हे कुणी मांडलं?

पण माझी बहीण घाबरून पळणाऱ्यातली नाही. नीट विचार करून चूक करणाऱ्यातली आहे. तिने ठरवलं, हे अशुभ मोडायचं. पण मडमेची खूण पुसायची नाही, पुसली तर तिलाच बाधेल. म्हणून तिघींनी मिळून त्या दुहेरी खुणेवर तशीच दुहेरी रेघ सोडली, शिरगोळ्याच्या पांढऱ्याशुभ्र रांगोळीची. जराही इकडे तिकडे नाही. मग भोवतीची राख कुंच्याने अलगद झाडून काढली. टोपलीत उरलेली होती तीही खाडीत सोडून दिली. दिवा देव्हाऱ्यात नेऊन ठेवला. दोन्ही गोलांच्या मध्ये हळदकुंकू वाहिलं. राखेची खूण होती, तिची रांगोळी केली. मला विचाराल तर याहून मायेने कुणी कुणाचं वाटोळं केलं नसेल.

आम्ही पोचलो तेव्हा वखार भरली होती. पुढच्या खुर्चीत मामलेदार, मागे अर्धं कल्याण. क्लाराची पाळी आधी झाली. पोर खरंच चलाख होती. तिचा आठ थोडा पोटाकडे फुगला होता, पण शेवटी तिने अशा गिरक्या घेतल्या की लोकांनी वखार डोक्यावर घेतली. मग दोरीच्या अलीकडे सगळ्यांच्या नजरा वळल्या, आणि नेवेना थांबली.

मी तिचा चेहरा बघितला आणि मग जमीन. गोदूताई ताट घेऊन पुढे आली, चेहरा नुसता फुललेला. "बाई, आता तुला कशाचं भय नाही. सगळं शुभ करून ठेवलंय."

मालक मिशीवर बोट फिरवत इंग्रजीत काहीतरी म्हणाला. आमच्या ह्यांनी मला कानात सांगितलं, "म्हणतोय, हे पुसून टाक, आमची भुकटी घे, पाच मिनिटं देतो."

नेवेनाने मला विचारलं, "का केलं गो हिनं?"

मी सांगितलं. राख, दिवा, सासूबाई. "तुझ्या जिवाला भ्याली ती," मी म्हटलं. "पण तू पूस. मी तिला समजावते. पूस तू."

खरंच सांगते, मला मनापासून वाटत होतं तिने पुसावं. गोदूताई रडली असती, आठ दिवस बोलली नसती, काय मोठं! नेवेना गोदूताईकडे बघत राहिली. तोंडाकडे. मग तिच्यामागे उभ्या त्या दोघींच्या पांढऱ्या झालेल्या बोटांकडे. मग खाली बसली आणि चाकांचे पट्टे आवळायला लागली.

तिला काय वाटलं असेल याचा मी आयुष्यभर विचार केलाय. दया आली असेल. पण नुसती दया नव्हे. तिला वाटलं असेल, माझीच रेघ आहे, मी तिच्यावरूनच जाईन, आणि ज्याला बघता येतं त्याला ती दिसेलच.

ती गेली. शिरगोळ्याची रांगोळी खरखरीत, चाकाखाली करकरत होती. एका पायावर एक गोल, मध्यावर पाय बदलून दुसरा. त्यावरूनच पुन्हा. त्यावरूनच पुन्हा. घोटा थरथरताना मला दिसत होता. शेवटचा गोल मिटला, ती बाजूला झाली, आणि रांगोळी होती तशीच होती. कण विस्कटला नव्हता. नीट बघितलं तर प्रत्येक रेघेच्या ऐन मधून चाकाची बारीक दाबलेली वाट गेली होती, इकडून तिकडून सारखी पांढरी कड ठेवून.

पण नीट बघायला वाकावं लागत होतं.

मालक दोरीजवळ आला. हात पाठीमागे. उभ्यानेच बघितलं. म्हणाला, आणि हे माझ्या कानात तसंच बोलत गेले, "ही तर आधी आखलेली आहे. दुसऱ्याच्या हातची. यात तुझं कुठे आहे?" नेवेना काहीतरी बोलली, खाली बोट दाखवलं, दोनदा दाखवलं. तो वाकला नाही. नियम म्हणजे नियम, जमीन कोरी हवी, असं म्हणून क्लाराचा हात धरून मामलेदारांकडे गेला.

तेवढ्यात गोदूताई आणि त्या दोघी पदर सावरत पुढे सरसावल्या आणि आपल्या रांगोळीवर ओणव्या झाल्या. गोदूताई ओरडली, "अगं बाई, बघा तरी! कुठ्ठे हलली नाही! मधोमध गेलीय, मधोमध!" तिघी गुडघ्यावर बसून एकमेकींना रेघ दाखवत होत्या. नेवेना त्यांच्याकडे बघत उभी होती. तसा चेहरा मी नंतर कुणाचा पाहिला नाही, आणि पाहायची इच्छाही नाही.

गोदूताईने वर बघून विचारलं, "जिंकलीस ना गं?"

नेवेनाने मान खालीवर केली. सावकाश, दोनदा.

गोदूताईने तिच्या तोंडात साखर घातली.

कंपनी गेली. कात्रीनबायला कळलं तेव्हा तिने पहिल्यांदा मालकाच्या सात पिढ्या उद्धरल्या, मग गोदूताईच्या. नेवेनाने तिला दरडावलं, "तिला सांगायचं नाय." गोदूताईला आम्ही एवढंच कळवलं की मडमेनेच बोटीने जायला नको म्हटलं. त्यानंतर तिने चाकं बांधली नाहीत. लेस विणायची, कात्रीनबायच्या रानात लावणीला वाकायची. चिखलात मागे चालत लावलेली तिची रोपांची ओळ दोरी धरून काढल्यासारखी असायची, पण आता ती वळून बघत नसे.

मी तिला शेवटची बघितली ती पौषात, खाडीवरच्या मिठागरांत. आम्ही एका हळदीकुंकवाहून परतत होतो. बांधावर ती एकटी उभी होती, मिठाच्या एका वाफ्याच्या कडेला. पाण्यावर मिठाची पहिली पांढरी साय धरायला लागली होती. मी शेजारी जाऊन उभी राहिले. ती म्हणाली, "बर्फ असाच धरतो गो. पयला कडेनं." मग चप्पल काढून तिने पायाचा अंगठा अलगद त्या सायीवर टेकवला. साय फुटली, पाणी वर आलं. "नाय धरला अजून," ती म्हणाली, आणि माझा हात धरून बांधावरून घरी आली. वाटेत मला म्हणाली, तुझा डावा पाय आता सरळ पडतो.

त्याच महिन्यात प्लेग फिरून आला. तिच्या जांघेत गाठ आली, सरकारी माणसं तिला गावाबाहेरच्या झोपडीत घेऊन गेली, आणि तिथून ती परतली नाही. पाद्रीबाबांनी तिला आपल्याच जागेत माती दिली. उलटा क्रूस करणारी होती म्हणून कुरकुरले नाहीत, एवढं त्यांचं मोठेपण. इकडे कात्रीनबायकडच्या तिच्या खोलीला सरकारी माणसांनी चुना मारला, ऊन यावं म्हणून वरची कौलं काढून टाकली.

गोदूताई कल्याणहून आली ती ओटीवर बसून रडायला लागली. कात्रीनबायला राहवलं नाही. कुंपणावरून म्हणाली, "रडतेस कशाला आता? तुज्या रांगोळीनं तं ती रायली हितं." आणि सगळं सांगून टाकलं.

गोदूताईचं रडणं थांबलं. ती माझ्याकडे बघत राहिली. "मी विचारलं होतं तिला," ती म्हणाली. "हो म्हणाली होती."

"नाही म्हणाली होती, ताई," मी म्हटलं. "तिच्या मानेने नाही म्हणाली होती."

गोदूताईने डोळे पुसले. मग उठून माझ्या कोठीतली तुसाची राख काढली, चाळणीने दोनदा चाळली. मी म्हटलं, ताई, ती किरिस्ताव होती, त्यांच्यात हे नसतं, आणि ती इथे गेलीही नाही. ती ऐकेना. कात्रीनबाय म्हणाली, "करूं दे गो. तिला आवडंल." चुन्याच्या वासाच्या त्या उघड्या खोलीत गोदूताईने राख पसरली. राख सायीसारखी एकसारखी बसली. शेजारी दिवा लावला. टोपली एवढ्या जागेला पुरेना म्हणून कात्रीनबायने भाताची मोठी कणगी आणून पालथी घातली.

सकाळी आम्ही तिघींनी मिळून कणगी उचलली. वरून ऊन थेट राखेवर पडलं होतं. आम्ही ओणव्या झालो. पाखराची खूण नव्हती, गुराची नव्हती, माणसाची नव्हती. चाकाचीही नव्हती. कडेपासून कडेपर्यंत राख कोरी होती.

"काहीच नाही," गोदूताई हळूच म्हणाली. "गेलीच नाही का ती यावरून?"

नेवेनाला हवी होती तशी कोरी जमीन तिच्यासाठी पहिल्यांदाच कुणीतरी मांडली होती.

गोदूताई सवयीने कोपऱ्यातली केरसुणी घेऊन आली. राखेशी वाकली, आणि तशीच उभी राहिली. मग केरसुणी भिंतीला टेकवून ठेवली.

"राहू दे," ती म्हणाली. "कुणी झाडू नका."